घर घ्यायचे, तर वकील आपला हवा



आपल्याकडे दोन जुन्या म्हणी आहेत. एक म्हण अशी : घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. दुसरी म्हण अशी : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. पण दुसऱ्या म्हणीचा आपण भलताच अर्थ घेतो. कोर्ट नको, म्हणून वकीलही नको, असे म्हणतो. वकिलाकडे जायचे ते भांडण झाल्यावर, अशी आपली समजूत आहे. ही समजूत महागात पडते. घर घेताना वकिलाची पायरी आधी चढली, तर पुढे कोर्टाची पायरी सहसा चढावी लागत नाही. हाच आजचा पाठ आहे.

आमची गोष्ट

आधी आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही शाळेत मुख्याध्यापक होतो. मॅट्रिक झालेलो. गावात कोणाचा कागद आला, की लोक आमच्याकडे वाचायला आणीत. आपल्याला सगळे कळते, असे आम्हाला वाटे.

२००९ साली जालना शहरात आम्ही एक जुने घर पाहिले. मुलांच्या कॉलेजची सोय व्हावी, हा विचार होता. किंमत आठ लाख ठरली. तीन लाख आमच्याजवळ होते. पाच लाख बँकेचे कर्ज घ्यायचे होते. नऊ वर्षांची मुदत, महिन्याला सुमारे सात हजारांचा हप्ता. निवृत्त होईपर्यंत कर्ज फिटणार होते.

घर विकणाऱ्याच्या वडिलांनी ते घर बांधले होते. वडील वारले होते, आईही नव्हती. दोन बहिणी लग्न होऊन सासरी गेल्या होत्या. भाऊ एकटाच त्या घरात राहत होता.

आमच्या सौभाग्यवती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलेल्या. त्यांनी कागद हातात घेतले, बोट ठेवून वाचले आणि विचारले,

"अहो, ह्याच्या बहिणींची सही कुठाय?"

आम्ही म्हणालो, "बँकेच्या वकिलानं सगळं बघितलंय. काही काळजी नाही."

त्या म्हणाल्या, "तो वकील बँकेचा. आपला कोण?"

आम्ही हसून सोडून दिले. दलालाने खरेदीखत लिहवून आणले, रजिस्ट्री झाली. आम्ही पेढे वाटले.

दोन वर्षांनी कोर्टाचा समन्स आला. दोघी बहिणींनी वाटणीचा दावा लावला होता. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. हिंदू वारसा कायदा, १९५६ याप्रमाणे बापाच्या मागे मुलगा आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे घराचे तीन वाटे. भावाचा वाटा एकच होता आणि त्याने तिन्ही विकले होते.

मग बँकेच्या वकिलाने काय पाहिले होते? पुढे त्याच्या अहवालाची नक्कल मिळाली. त्यात त्याने लिहिले होते, 'बहिणींची संमती घ्यावी.' त्याने आपले काम केले होते. भावाने नोटरी केलेला एक संमतीचा कागद बँकेत दिला होता. तेवढ्यावर कर्ज मंजूर झाले. बँकेला आमचा पगार दिसत होता. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा, तर हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावी लागते, नोटरीचा शिक्का पुरत नाही. ही गोष्ट आम्हाला सांगायला कोणीच नव्हते. कारण आमचा असा वकीलच नव्हता.

दावा पाच वर्षे चालला. हप्ता मात्र एक महिनाही थांबला नाही. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. दोघी बहिणींना मिळून आम्ही अडीच लाख दिले. त्या बहिणींवर आमचा राग नाही. हक्क त्यांचाच होता. चूक आमची होती. अक्षरे वाचता येणे निराळे आणि कागद वाचता येणे निराळे, हे आम्हाला पन्नाशीत कळले.

कोण कोणाचा माणूस?

घराच्या व्यवहारात चारपाच माणसे आपल्याभोवती फिरतात. सगळे गोड बोलतात. पण कोण कोणाचे काम करतो, हे पाहावे.

दलाल हा व्यवहाराचा माणूस. व्यवहार झाला, तर त्याला दलाली मिळते. मोडला, तर मिळत नाही. म्हणून तो घाई करतो.

दस्तलेखक, म्हणजे बॉण्डरायटर, हा लिहिणारा माणूस. सांगाल तसा कागद तो लिहून देतो. मालक खरा की खोटा, हे शोधण्याचे काम त्याचे नव्हे.

दुय्यम निबंधक हा सरकारी अधिकारी. त्यालाच आपण रजिस्ट्रार म्हणतो. तो दस्त नोंदवून घेतो. पण घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क निघणार नाही, अशी हमी तो देत नाही. रजिस्ट्री झाली म्हणजे सगळे झाले, असे समजू नये.

बँकेचा वकील हा बँकेचा माणूस. बँकेचे पैसे बुडू नयेत, एवढे तो पाहतो. त्याची फी बहुधा आपल्याकडूनच घेतात. तरी तो आपला वकील होत नाही. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. तुम्ही त्याची नक्कल मागावी. मिळाली तर आपल्या वकिलाला दाखवावी.

राहिला आपला वकील. तो आपण स्वतः जाऊन नेमावा लागतो. वकिलांच्या संघटनेचे, म्हणजे बार कौन्सिलचे, नियम आहेत. ज्या वकिलाने एका पक्षाला सल्ला दिला, त्याने त्याच कामात दुसऱ्या पक्षाची बाजू घेऊ नये, असा त्यात नियम आहे. म्हणून विकणाऱ्याचाच वकील आपण घेऊ नये. "दोघांचं मीच बघतो," असे कोणी म्हटले, तर नमस्कार करून उठावे.

कर्ज असले म्हणजे जोखीम दुप्पट

घर गहाण ठेवून बँक कर्ज देते. मूळ कागद ती आपल्याजवळ ठेवते. हप्ते थकले, तर २००२ सालच्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक ६० दिवसांची नोटीस देते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत, तर कोर्टात दावा न लावताही बँकेला घराचा ताबा घेता येतो. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, घराला आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घराच्या मालकीचा तंटा निघाला, म्हणून कर्ज माफ होत नाही. घर गेले तरी कर्ज राहते. म्हणून कर्ज काढून घर घेणाऱ्याने तर वकील आधी करावा.

कर्जाचे कागदही वकिलाकडून वाचून घ्यावे. व्याजाचा दर कायम आहे की बदलणारा? हप्ता चुकला तर दंड किती? जामीनदारावर काय येते? वारस कोण? न वाचता सह्या करू नयेत. "इथं करा, इथं करा" असे म्हणत कोणी पाने उलटू लागला, तर आपण बोट ठेवून थांबवावे.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत मागावे. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने ते परत द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे.

आपल्या जिल्ह्याचे कागद

आपल्या भागातला वकील घ्यावा, असे आम्ही का म्हणतो? कारण आपल्या भागाचे कागद निराळे आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे महसुली कागद उर्दूत आहेत. नंतर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. म्हणून आपल्याकडे कुळकायदाही निराळा, हैदराबाद राज्याचा, १९५० सालचा. जमिनीचा जुना इतिहास पाहायचा, तर त्या दशकातले खासरा पत्रक काढावे लागते. इनाम जमीन, देवस्थानाची जमीन, वक्फची जमीन, असे प्रकारही आहेत. अशा जमिनीवर प्लॉट पाडून विकले, तर घेणारा गोत्यात येतो.

आणखी एक गोष्ट. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी आपला बराच भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता. म्हणून एखादा जुना दस्त जालन्यात सापडला नाही, तर तिकडे शोधावा लागतो. इथला मुरलेला वकील हे जाणतो. मोठ्या शहरातला वकील हुशार असेल, पण त्याला खासरा पत्रक ठाऊक असेलच असे नाही.

दोन कागदांचा घोटाळा

गावातले घर घेताना लोक एका कागदावर फसतात. विकणारा म्हणतो, "हा बघा आठाचा उतारा. घर माझ्या नावावर आहे."

नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा कागद. घरपट्टी कोणाकडून घ्यायची, ते त्यात लिहिलेले असते. तेवढ्याने मालकी ठरत नाही. नमुना ८-अ हा निराळा कागद. तो तलाठ्याकडचा. एका खातेदाराची गावात किती शेतजमीन आहे, ते त्यात असते. नावे सारखी, कागद दोन. वाचताना 'अ' आहे की नाही, ते पाहावे.

गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. त्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होते. तुमच्या गावी ती झाली असेल, तर ती पत्रिका मागावी. पण जुनी खरेदीखते आणि वारसांच्या नोंदी तरीही वकिलाला दाखवाव्या.

शहराजवळ शेतात पाडलेला एकदोन गुंठ्यांचा प्लॉट घेणार असाल, तर जास्त सावध राहा. जमीन अकृषक झाली आहे का? तुकडेबंदीच्या कायद्यात हा व्यवहार बसतो का? या कायद्यात अलीकडे बदल झाले आहेत. म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले, ते पाहू नये. आजचा नियम काय, ते वकिलाला विचारावे. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असे असेल, तर बहुधा सरकारी परवानगी लागते.

वकील कसा निवडावा?

१. ज्यांनी आधी घर घेतले आहे, अशा दोनचार माणसांना विचारावे. कोणत्या वकिलाने काम केले? फी किती घेतली? पुढे काही त्रास निघाला का? वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तेव्हा मोठ्या पाटीवर जाऊ नये. लोक काय म्हणतात, ते ऐकावे.

२. त्याच्याजवळ सनद असावी. सनदेशिवाय वकिली करता येत नाही. आपल्या राज्यात ती सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते. सनदेचा नंबर विचारण्यात अपमान नाही.

३. त्याचे काम दिवाणी आणि मिळकतीचे असावे. खुनाच्या खटल्यात नाव काढलेला वकील घराच्या कागदांना चांगला असेलच, असे नाही. डोळ्याच्या दुखण्याला आपण दातांच्या डॉक्टरकडे जात नाही.

४. सरळ विचारावे, "वकीलसाहेब, विकणाऱ्याचं किंवा दलालाचं काम तुम्ही करता का?" उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरा पाहावा. दलालाने नेलेल्या वकिलाकडे शक्यतो जाऊ नये.

५. फी आधी ठरवावी. तपासणीची किती, खरेदीखत लिहिण्याची किती, वर्तमानपत्रातल्या नोटिशीचा खर्च किती, हे कागदावर लिहून घ्यावे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हा पैसा सरकारचा, वकिलाचा नव्हे. तो वेगळा मांडावा. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी.

६. जो आपल्या भाषेत समजावून सांगतो, तो वकील चांगला. "तुम्हाला नाही कळायचं, सही करा," असे म्हणणारा वकील नको. आपण विचारलेला प्रश्न कधी वेडा नसतो.

७. तो आपले मत लेखी देईल का, ते विचारावे. तोंडी "सगळं ठीक आहे" याला किंमत नाही.

वकिलाकडून काय करून घ्यावे?

बँका बहुधा मागचा ३० वर्षांचा शोध मागतात. आपणही तेवढा घ्यावा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक २ असते. ती पाहून घर कोणाकडून कोणाकडे गेले, कुठे गहाण आहे का, हे कळते. फेरफार पाहून वारस कळतात. कोर्टात दावा चालू आहे का, तेही पाहावे लागते.

बहिणींचे विशेष पाहावे. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाएवढा हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात नसले, तरी मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. मुसलमान कुटुंबातही मुलीला वाटा असतो, मात्र तो ठरवण्याची रीत निराळी आहे. म्हणून सर्व वारसांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्या. नाहीतर नोंदलेले हक्कसोडपत्र पाहावे.

त्यानंतर वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. हे घर अमुक माणूस घेत आहे, कोणाची हरकत असेल तर मुदतीत कळवावी, असे त्यात असते. मुदत संपेपर्यंत थांबावे.

खरेदीखताचा मसुदा वकिलाने लिहावा. तो घरी आणून सावकाश वाचावा. चतुःसीमा, क्षेत्रफळ, नावे आणि रक्कम ताडून पाहावी. स्थावर मिळकत शंभर रुपयांची असली किंवा जास्त किमतीची असली, तरी तिची विक्री नोंदलेल्या दस्तानेच करावी लागते. मुखत्यारपत्र लिहून घेतले म्हणजे मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. स्टॅम्पवर लिहून नोटरी केली, म्हणूनही मालकी मिळत नाही.

केव्हा जावे?

इसार देण्याच्या आधी जावे. हे सर्वांत महत्त्वाचे. पैसे हातातून गेले, की आपला आवाज लहान होतो.

इसारपावतीत वकिलाकडून दोन गोष्टी लिहवून घ्याव्या. मालकी निर्वेध निघाली नाही, तर इसार परत. बँकेने कर्ज नाकारले, तर इसार परत. दलाल म्हणेल, "उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे." येऊ द्यावे. घरे पुष्कळ आहेत, आपली जमापुंजी एकच आहे.

फी परवडत नसेल तर?

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. जालन्यातही ते जिल्हा न्यायालयात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींची माणसे, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे कायद्याची मदत फुकट मिळू शकते. हा १९८७ सालचा कायदा आहे. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

वकिलानेच फसवले, तर त्याची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. म्हणून पावत्या आणि कागद जपून ठेवावे.

शेवटी

समृद्धी महामार्गात जमीन गेली, तेव्हा आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतल्या अनेकांच्या हाती मोबदला आला. कोणी त्यातून शेत घेतले, कोणी शहरात घर. जमीन देऊन आलेला पैसा पुन्हा येत नाही. तसाच निवृत्तीचा पैसा. तसेच बाईने पैपै करून साठवलेले पैसे. ते घरात घालण्यापूर्वी चारदोन हजार तपासणीला जास्त गेले, तर जाऊ द्यावे.

आणि घरातल्या बाईने काही विचारले, तर हसू नये. आमच्या घरी खरा प्रश्न तिनेच विचारला होता. उत्तर शोधले असते, तर अडीच लाख आणि पाच वर्षे वाचली असती. आता आमच्याकडे कोणी घराचे कागद घेऊन आले, की आम्ही आधी तोच प्रश्न विचारतो : "हा वकील कोणाचा?"

लक्षात ठेवा

इसाराआधी वकील.
बँकेचा वकील बँकेचा, आपला वकील आपला.
सर्व वारसांच्या सह्या, बहिणींच्यासुद्धा.
फी लेखी, मत लेखी, पावती हातात.
न वाचता सही नाही.

कठीण शब्दांचे अर्थ

सनद : वकिली करण्याचा परवाना
इसार : सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम
हक्कसोडपत्र : आपला वाटा सोडल्याचा नोंदलेला दस्त
फेरफार : हक्क बदलल्याची सरकारी नोंद
निर्वेध : ज्यावर दुसऱ्याचा बोजा किंवा हक्क नाही असे
चतुःसीमा : मिळकतीच्या चारी बाजूंना काय आहे ते

प्रश्न

१. बँकेचा वकील आणि आपला वकील यांत काय फरक आहे?
२. नमुना ८ आणि नमुना ८-अ हे कागद कशाचे आहेत?
३. इसारपावतीत कोणत्या दोन गोष्टी लिहवून घ्याव्या?
४. गुरुजींच्या घराच्या व्यवहारात कोणाच्या सह्या राहिल्या होत्या?
५. तुमच्या घराचे कागद घरी आहेत का? ते काढा. त्यांवर कोणाकोणाची नावे आहेत, ती स्वतः वाचा आणि वहीत लिहा.